पंद ओळखायला शिकताना: कोथिंबिरीपासून कासच्या सड्यापर्यंत

भाद्रपदात कासच्या पठारावर गेलेला माणूस जांभळ्या आणि पिवळ्या रंगांपुढे थांबतो. त्यांच्यामधून वर आलेल्या पांढऱ्या, चपट्या, जाळीदार झुबक्यांकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. तो पंद. शास्त्रीय नाव पिंडा कोंकनेन्सिस. गाजर, कोथिंबीर, शेपू, जिरे ज्या कुळातले, त्याच कुळातली ही एक जाती, आणि जगात ती फक्त पश्चिम घाटात उगवते. आपल्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या या झाडाला निदान नावाने ओळखता यावे, एवढ्या इच्छेने हा लेख लिहिते आहे.

मराठी वनस्पतिशास्त्रात ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्या गटातला झाडाचा एकेक प्रकार. एरवीच्या बोलण्यात या दोन शब्दांची सरमिसळ होते, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात वनखात्यात काम करणाऱ्या डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पंदाचे वर्णन केले तेव्हा त्याला ‘हेराक्लियम’ या मोठ्या प्रजातीत बसवले होते. पुढे 1986 मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स या दोघांनी त्याच्यासाठी ‘पिंडा’ ही स्वतंत्र प्रजाती केली. बरीच वर्षे तिच्यात ही एकच जाती होती. अलीकडे सह्याद्रीतूनच दुसरीही वर्णिली गेली. ‘कोंकनेन्सिस’ म्हणजे कोकणची, पण पंद भेटतो तो मुख्यतः घाटमाथ्यावर: महाबळेश्वर, पाचगणी, कास आणि त्यांच्या उत्तरेकडचे डोंगर.

एक अनुभव आधीच सांगते. मी स्वतः रानफुले शिकायला लागले तेव्हा थेट पठारावर गेले, शंभर फोटो काढले आणि घरी येऊन एकही पांढरे फूल खात्रीने ओळखू शकले नाही. गाजर कुळाच्या बाबतीत उलट्या दिशेने जावे लागते. आधी स्वयंपाकघर, मग कुंडी, मग डोंगर.

पहिली पायरी: मसाल्याच्या डब्यातली फळे

बडीशेप, धणे, जिरे, ओवा आणि बाळंतशेपा, प्रत्येकी चमचाभर पांढऱ्या कागदावर काढा. दहा पट मोठे दाखवणारे हातभिंग घ्या. दागिने तपासणारे सोनार वापरतात तसले चालते.

आपण यांना बिया म्हणतो, पण ही सगळी फळे आहेत. या कुळाचे फळ सुके असते आणि पिकल्यावर उभे दोन भागांत सुटते. त्या प्रत्येक भागाला फलांश म्हणू. एका फलांशात एकच बी. बडीशेपेचा एखादा चांगला भरलेला दाणा नखाने दाबा, मधोमध सरळ दुभंगेल. काही दाण्यांत दोन अर्धुके वर एका बारीक, दुभागलेल्या काडीला टांगलेली दिसतील. ती काडी हे या कुळाचे खास लक्षण.

धण्याचे हेच गुपित आपल्या आज्यांना शास्त्राविना ठाऊक होते. धणे पेरण्याआधी ते चपलेखाली किंवा लाटण्याखाली रगडून अर्धे करतात, ते यासाठीच. अख्खा धणा म्हणजे दोन फलांश एकमेकांना चिकटलेले. मुखवासातली धनाडाळ ही त्याच्या आतल्या बीची.

आता बडीशेपेचे अर्धुक पाठीवर बघा. पाच उभ्या कडा उठलेल्या दिसतील. रात्रभर पाण्यात भिजवलेला दाणा धारदार पात्याने आडवा कापला, तर कडांच्या मधल्या खाचांत काळपट ठिपके दिसतात. पाठीकडे चार आणि सपाट बाजूला दोन. त्या तेलाच्या नळ्या. बडीशेपेचा वास त्यांतून येतो. ओव्याला वास देणारे थायमॉल, जिऱ्याचा तो तव्यावरचा दरवळ, सगळे अशाच नळ्यांत साठलेले असते. या कुळात सुमारे 3,700 जाती आहेत, आणि त्यांची प्रजातींत वाटणी करताना शास्त्रज्ञ फुलाइतकाच, किंबहुना जास्तच, भरवसा फळावर ठेवत आले आहेत. कडा किती, त्यांना पंख आहेत का, फळ कोणत्या बाजूने चपटे, नळ्या कुठे संपतात, असे प्रश्न ते विचारतात.

बाळंतशेपा शेवटी हातात घ्या आणि जरा जास्त वेळ बघा. बडीशेप फुगीर, हा चपटा. कडेला फिकट, पातळ पट्टी. हे ‘पाठीकडून दाबलेले, कडेला पंख असलेले’ फळ. पंदाचे फळ याच घडणीचे असते, फक्त मोठे. म्हणून बाळंतशेपा नीट पाहिलेला माणूस डोंगरावर पंदाचे फळ चटकन ओळखतो.

दुसरी पायरी: कोथिंबीर फुलू द्या

जुलैच्या सुरुवातीला एका कुंडीत रगडलेले धणे पेरा. पावसाच्या माऱ्यात रोपे कुजतात, म्हणून कुंडी खिडकीत किंवा पत्र्याखाली ठेवा. पाणी जपून. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे कोथिंबीर खुडू नका. दीड-दोन महिन्यांत ती फुलावर येते. बाजारात फुलावर आलेली जुडी कुणी घेत नाही. तुम्ही मात्र भाजीवाल्या मावशींकडे मुद्दाम तीच मागा, कुंडी फसली तरी अडणार नाही.

सगळ्यांत आधी पाने बघा. खालची पाने पसरट, आपल्याला ठाऊक असलेली. तुऱ्याजवळची मात्र दोऱ्यासारखी बारीक. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पाने, हा धडा पुढे उपयोगी पडतो: या कुळात एका पानाचा फोटो पुरत नाही, खालचे आणि वरचे दोन्ही लागतात. मग पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो ती जागा बघा. देठाचा तळ रुंद होऊन खोडाला म्यानासारखा गुंडाळलेला असतो. शेपूच्या जुडीत हे आणखी ठळक दिसते. खोडावर उभ्या रेघा, आणि दोन पेरांमधले खोड बहुधा पोकळ.

आता फुलोरा. एका दांडीच्या टोकाच्या एकाच बिंदूपासून चार-पाच काड्या निघतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. प्रत्येक काडीच्या टोकाला तसाच एक छोटा झुबका. मराठी वनस्पतिशास्त्रात या रचनेला ‘चामरकल्प फुलोरा’ म्हणतात, चामर म्हणजे चवरी. आणि इथे चवरीच्या टोकांवर पुन्हा चवऱ्या आहेत, म्हणून ‘संयुक्त चामरकल्प’. हा शब्द मला फार आवडतो. देवापुढे ढाळलेली चवरी एकदा पाहिली असेल तर व्याख्या पाठ करावी लागत नाही.

सुरुवातीला घोटाळा होतो तो इथेच. पुष्कळ झाडांचे फुलोरे वरून सपाट दिसतात, पण त्यांच्या काड्या दांडीवर वेगवेगळ्या उंचीवरून निघून वर एका पातळीत येतात. म्हणून फुलोरा वरून बघून निष्कर्ष काढू नका. उलटा करून खालून बघा. सगळ्या काड्या एकाच बिंदूवर मिळाल्या तरच चामरकल्प.

काड्या जिथून निघतात तिथे छोट्या पानांसारखी छदे आहेत का तेही बघून ठेवा. कोथिंबिरीत मोठ्या चवरीखाली ती बहुधा नसतात, छोट्या झुबक्यांखाली मात्र दोन-तीन असतात. गाजराच्या चवरीखाली उलट पिसासारखी चिरलेली मोठी छदे असतात. छोट्या वाटणाऱ्या या खुणेवर पुष्कळदा ओळख ठरते.

मग भिंगाखाली एकच फूल घ्या. पाच पाकळ्या, टोके आत वळलेली. पाच केसरदले, म्हणजे पराग धरणारे नर भाग. पाकळ्या ज्यावर बसल्या आहेत तो हिरवा भाग म्हणजे किंजपुट, ज्याचे पुढे फळ होते. म्हणजे फळ फुलाच्या खाली तयार होते. किंजपुटाच्या डोक्यावर एक चकाकणारी उशी, तिच्यावर मध. मध असा उघड्यावर असल्याने लांब सोंडेची गरज पडत नाही. माश्या, मुंग्या, छोटे भुंगेरे सगळे येऊन चाटून जातात. उशीतून दोन छोटी शिंगे निघतात, त्या दोन किंजला, म्हणजे पराग घेणाऱ्या मादी भागाच्या काड्या. बडीशेपेच्या टोकावर जी बारीक चोच दिसली होती ती यांचीच उरलेली खूण.

चार-पाच दिवस रोज त्याच फुलाकडे जा. आधी पाची केसरदले एकेक करून उलगडतील. ती गळल्यावर किंजला लांबतील. एकाच फुलात आधी नर अवस्था, मग मादी. त्यामुळे फूल स्वतःच्याच परागांनी फळण्याची शक्यता कमी होते. झुबक्याच्या मधली काही फुले फळ न धरताच गळतात. त्यांचे काम पराग देण्यापुरते.

आता कुंडीतल्या या अभ्यासातली मुख्य गोष्ट. झुबक्याच्या बाहेरच्या कडेची फुले बघा. त्यांच्या पाचही पाकळ्या सारख्या नाहीत. बाहेर तोंड असलेली पाकळी कितीतरी मोठी आणि टोकाशी खोल दुभंगलेली, आतल्या बाजूच्या अगदी चिमुकल्या. सगळा झुबका मिळून एकच मोठे फूल असल्यासारखा लांबून दिसतो. शेपूच्या पिवळ्या फुलांत हे नाही, तिथे पाकळ्या सारख्याच. कोथिंबिरीत हे पाहून घेतलेत की पंदाचा निम्मा परिचय झाला.

तिसरी पायरी: सड्यावर

कास साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जा. फुलांच्या हंगामात प्रवेशाची संख्या मर्यादित ठेवतात, म्हणून आधी नोंदणी करून जा आणि शक्यतो मधल्या वारी. आखलेली वाट सोडू नका. सड्यावर मातीचा थर बोट-दोन बोटे असतो आणि एका पावलाखाली पुढच्या वर्षीचे कंद, बिया दबतात. कासच्या गर्दीत शिरायचे नसेल तर महाबळेश्वर-पाचगणीकडचे गवताळ उतारही चांगले.

बरोबर भिंग, 15 सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि छोटी वही. पेनाची शाई धुक्यात फुटते.

पंद दिसला की फुलाकडे धावू नका. खाली बसा आणि जमिनीपासून वर बघत या.

तळाशी लांब देठाची पाने. कोथिंबीर मनात धरून आलेला माणूस इथे बुचकळ्यात पडतो, कारण ही पाने बारीक चिरलेली नाहीत. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना रुंद, दातेरी पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे भाग, आणि टोकाला एक. देठाचा तळ मात्र खोडाला तसाच गुंडाळलेला, म्यान ओळखीचे. खोडावर त्याच उभ्या खाचा. उंची बहुधा गुडघ्याच्या आसपास. जमिनीखाली कंद असतो. पावसाळा संपला, गवत वाळले, की वरचे सगळे झाड नाहीसे होते आणि कंद उरलेले महिने काढून पुढच्या पावसात पुन्हा पाने काढतो. चार महिने पाणी आणि आठ महिने तापलेला कातळ, अशा जागी हा मार्ग पुष्कळ वनस्पतींनी धरलेला आहे. कंद बघायला झाड उपटू नका. तो आहे हे ठाऊक असणे पुरेसे.

आता फुलोरा खालून बघा: काड्या एका बिंदूतून, टोकांवर पुन्हा झुबके. संयुक्त चामरकल्प. छदे आहेत की नाहीत ते दोन्ही ठिकाणी बघून वहीत लिहा. मग वरून बघा. कडेची फुले मोठी, शुभ्र, बाहेरच्या पाकळ्या ठसठशीत आणि दुभंगलेल्या. कुंडीतल्या कोथिंबिरीने जे बारीक अक्षरात सांगितले होते ते पंद मोठ्या अक्षरात सांगतो. पहिल्यांदा हे जुळले तेव्हा मी धुक्यात बराच वेळ तिथेच बसून राहिले होते.

चौथी पायरी: फसवणारी झाडे

‘गाजरगवत’ हे नाव आधी मनातून वेगळे काढा. काँग्रेस गवत म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या पार्थेनियमची पाने गाजरासारखी चिरलेली, एवढेच साम्य. ते सूर्यफुलाच्या कुळातले. त्याचा प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे अनेक सूक्ष्म फुलांचे डोके, आणि काड्या एका बिंदूतून निघत नाहीत. अंगाला लागले तर पुष्कळांना खाज सुटते, तेव्हा हातात घेऊन तपासू नका.

मसाल्याच्या नावांचेही तसेच. शहाजिरे याच कुळातले. कडू जिरे सूर्यफुलाच्या कुळातले. कलौंजी तर तिसऱ्याच कुळातली. नावावरून नाते लावायला गेलो की हमखास चुकते.

सड्यावर गेंद या छोट्या रोपाचे पांढरे गोल गुंड असतात. त्यांची दांडी एकटी, टोकाला एकच घट्ट बटण, पाने गवतासारखी. एकदा बघितले की पुन्हा गोंधळ होत नाही.

खरा विचार करायला लावते ती पिंपिनेला, याच कुळातली, सह्याद्रीतच तिच्या काही जाती आहेत. चवरी तशीच, फुले पांढरीच. पण फुले बारीक, बाहेरच्या पाकळ्या मोठ्या झालेल्या नसतात, आणि फळ गोलसर किंवा अंडाकार, बिनपंखाचे. फुले नसताना दोघींत ठरवायचे असेल तर फळाशिवाय इलाज नाही.

आणि एक असे झाड जे या कुळातले वाटतच नाही: परसात ओलीला पसरणारी कारिवणा, जिला आपल्याकडे ब्राह्मीही म्हणतात. पाने अखंड, गोलसर. चवरी साधी, तीन-चार फुलांची, पानांखाली लपलेली. फळ मात्र उघडून बघा, दोनच फलांश. लक्षणे अपवादासकट शिकायची असतील तर हिच्यासारखी गुरू नाही.

चाखू नका

ही पायरी नव्हे, अट आहे. हे कूळ जेवढे खाण्याचे तेवढेच विषाचे. सॉक्रेटिसला इ. स. पूर्व 399 मध्ये दिलेले हेमलॉक याच कुळातले. ते सह्याद्रीत उगवत नाही, पण ‘कोथिंबिरीसारखा वास आला म्हणून पान चघळले’ ही सवय कुठेही वाईटच. वास घ्यायचा तर पान न तोडता बोटांत हलके चुरडा आणि मग हात धुवा.

उन्हाळ्यात मुलांकडे ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेत जाणाऱ्या आईबाबांना हे विशेषकरून सांगते. तिथे रस्त्याकडेला रानगाजर फुलते आणि त्याच्याजवळ हेमलॉकही असू शकते. रानगाजराचे खोड केसाळ. हेमलॉकचे गुळगुळीत आणि त्यावर जांभळे डाग. माणसापेक्षा खूप उंच, प्रचंड पानांचे आणि ताटाएवढ्या पांढऱ्या चवऱ्यांचे झाड दिसले तर ते हेराक्लियमच्या प्रजातीतले मोठे भाईबंद असू शकते. त्याचा रस अंगाला लागून वर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखे फोड येतात. फोटो लांबून काढा, नातवंडांना हात लावू देऊ नका.

पाचवी पायरी: फळासाठी पुन्हा जा

बहुतेक जण इथे कमी पडतात. फुले संपली की पठार ओस पडते, आणि नेमके तेव्हाच पंदाची ओळख पुरी करता येते. फुलांच्या भेटीनंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी जा. म्हणून पहिल्या भेटीत वहीत जागेची खूण नीट लिहा: कोणता दगड, वाटेच्या कोणत्या हाताला, किती पावलांवर. फोनमधल्या नकाशाच्या खुणेपेक्षा ही खूण सड्यावर जास्त कामाची ठरते.

चवऱ्या आता तपकिरी झालेल्या असतील. फळे चपटी, कडेला पातळ पंखासारखी पट्टी. उन्हाकडे धरून भिंगातून बघा; पाठीवरच्या बारीक कडा आणि त्यांच्यामधल्या तेलनळ्यांच्या गडद रेघा दिसतील. खाली पडलेले एखादे फळ मिळाले तर ते तळहातावर घेऊन पाहा, झाडावरचे तोडू नका. पश्चिम घाटाबाहेर ज्याला दुसरे घर नाही, त्याच्या बिया आपल्या डबीत नेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

एका झाडासाठी वहीचे एक पान, आणि त्यावर ही नावे आधीच लिहून ठेवा: तळाचे पान, वरचे पान, देठाचे म्यान, मोठ्या चवरीखालची छदे, झुबक्याखालची छदे, काड्यांची संख्या, कडेची पाकळी, फळ. ज्या रकान्यात काही दिसले नाही तिथे ‘नाही’ असे स्पष्ट लिहा. कोरा रकाना आणि ‘नाही’ यांत पुढे फार फरक पडतो. फोटो चार लागतात: पूर्ण झाड जमिनीसकट, फुलोरा वरून, फुलोरा खालून, आणि फळ शेजारी पट्टी ठेवून.

पहिल्या वर्षी बहुतेकांचा फळाचा रकाना रिकामाच राहतो. तो तसाच राहू द्या, तारीख घाला, आणि परतताना घरच्या कुंडीतले वाळलेले धणे काढून पुढच्या जुलैसाठी कागदाच्या पुडीत बांधून ठेवा.